सुट्टीच्या कार्डानंतर

दवाखान्यातून सुट्टी होते तेव्हा पेशंटच्या हातात जे कार्ड पडतं, त्याच्या शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा एकच सूचना असते: पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवणे. वर निदान असतं, दिलेली औषधं असतात, रक्ताचे रिपोर्ट असतात. त्या पंधराव्या दिवशी कापसाची वेचणी भरात असेल का, गावातून तालुक्याला जाणारी एसटी येईल का, सोबत यायला घरातलं कोणी मोकळं असेल का, यातलं काहीच कार्डावर नसतं. डॉक्टरांना ते माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं त्यांना कोणी विचारत नाही.

वर्धा-यवतमाळ पट्ट्यात मी आधी दवाखान्याच्या समाजसेवा विभागात काम केलं आणि पुढे समाजकार्य महाविद्यालयात शिकवू लागले. दोन्हीकडच्या टेबलांमागे बसल्यामुळे मधली रिकामी जागा फार स्पष्ट दिसते. दवाखाना माणसाला सुट्टीपर्यंत ओळखतो. महाविद्यालय गावाला ओळखतं, पण गावातला आजारी माणूस त्याच्या अभ्यासात फारसा येत नाही. दवाखान्याच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंतच्या रस्त्यावर आमच्याकडची किती माणसं उपचारांतून गळतात, ते शोधणं दोघांपैकी कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. हे संशोधन दोघांनी मिळून केलं पाहिजे आणि त्याचा पहिला प्रश्न समाजसेवा विभागाच्या रजिस्टरमधून निघाला पाहिजे, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. पण ते नीट सांगायचं तर जरा सविस्तर सांगावं लागेल.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ असं एक पद असतं. लोक त्यांना सरळ सोशल वर्कर म्हणतात. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचे कागद अडले, रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना, बेवारस पेशंट आला, विष घेतलेल्या पोराची माय सुन्न बसली, की वॉर्डातून निरोप येतो, सोशल वर्करला बोलवा. दिवस असल्या कामांत जातो. पण कागद जुळवता जुळवता माणूस बोलत असतो, आणि तो जे बोलतो ते केसपेपरवर कधीच येत नाही.

राळेगावकडची एक बाई मला आठवते. तिला फेफरं येत असे. गोळ्या नियमित घेतल्या की महिनोन्महिने काही होत नसे, आणि पावसाळ्यात हटकून झटके येऊन ती भरती व्हायची. केसपेपरवर एकच शेरा असायचा, ‘औषधे अनियमित’. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “गोया सरल्या व्हत्या मॅडम, मले मालूम हाय. पन निंदनाचे दिवस. एक खाडा केला तं टोळीवाली दुसरीले घेते, मंग पुरा हंगाम घरीच बसा लागते.”

दवाखान्यात आम्ही सगळे समजत होतो की एका फेरीची किंमत म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं तिकीट. ती सांगत होती की किंमत पूर्ण हंगामाची आहे. टोळीतली जागा गेली की गेली. ही माहिती डॉक्टरांकडे असती तर त्यांनी तिला जूनमध्येच तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या असत्या, किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या ठेवायची सोय केली असती. झटका विहिरीजवळ आला असता तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही. तिचं वाक्य मी रजिस्टरच्या ‘शेरा’ या रकान्यात लिहून ठेवलं. अशी वाक्यं प्रत्येक सोशल वर्करच्या रजिस्टरात आहेत. ती गोळा करून, तालुका आणि महिन्यानुसार लावून पाहिली तर केवढं कळेल! दवाखान्याच्या सोशल वर्करकडे त्यासाठी वेळ नाही. समाजकार्य महाविद्यालयाकडे वेळ आहे, विद्यार्थी आहेत, पण रजिस्टर नाही.

खरं तर दवाखाना आणि समाजकार्याचं शिक्षण ही आपल्याकडे एकाच घरातली भावंडं आहेत. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. त्यानंतर दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची देशातली पहिली नेमणूक झाली. आमच्या विदर्भात तर हे नातं आणखी जवळचं आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला, बाळंतपणात बायका मरू नयेत म्हणून सूतिकागृहं काढली, आणि त्याच संघानं पुढे समाजकार्याचं महाविद्यालयही उभं केलं. बाळंतिणीची खाट आणि समाजकार्याचा वर्ग एकाच संस्थेनं चालवलेला हा भाग आहे.

मग दुरावा आला कुठून? माझ्या मते बराचसा कागदावरून आला. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, अमरावती विद्यापीठ १९८३ चं. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि वैद्यकीय महाविद्यालयं तिकडे जोडली गेली. काही अभिमत विद्यापीठांत गेली. समाजकार्य महाविद्यालयं मात्र जुन्याच विद्यापीठांत राहिली. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोलीतली महाविद्यालयं तिकडे गेली. समाजकार्य महाविद्यालयांचं अनुदान सामाजिक न्याय विभागाकडून येतं, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, आणि गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र सार्वजनिक आरोग्य आणि जिल्हा परिषदेचं. त्या फेफरंवाल्या बाईचा अभ्यास करायचा म्हटलं की इतक्या दारांवर पत्रं द्यावी लागतात. प्रत्येक दारावर चांगली माणसं भेटतात, हे मी अनुभवानं सांगते. पण पत्राला पत्र लागेपर्यंत विद्यार्थ्याचं शेवटचं सत्र संपलेलं असतं.

सत्रावरून एक लक्षात आलेली गोष्ट सांगते. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य (गावात किंवा संस्थेत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम) आठवड्यातून दोन दिवस असतं. हिवाळी परीक्षा जवळ आली की ते बंद होतं, आणि नेमके तेच दिवस कापूस वेचणीचे असतात. म्हणजे ज्या महिन्यांत ओपीडी ओस पडते, पेशंट न येण्याचं कारण शोधायला गावात जायला हवं, त्याच महिन्यांत आमचा एकही विद्यार्थी क्षेत्रात नसतो. महाविद्यालयाच्या कपाटात लघुशोध प्रबंधांचे गठ्ठे आहेत, त्यातले कितीतरी खूप प्रामाणिकपणे लिहिलेले आहेत, आणि त्यात कापसाचा हंगाम जवळपास सापडत नाही. विदर्भातल्या आरोग्याचा अभ्यास आणि त्यात वेचणी नाही, हे मला सोसवत नाही.

हे जमू शकतं याचे दाखले शोधायला लांब जावं लागत नाही. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. तिथं प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्या वर्षाची मुलं शिबिरासाठी त्या गावात जाऊन राहतात आणि पुढची वर्षं तिथल्या कुटुंबांकडे जात राहतात. कस्तुरबा रुग्णालयाच्या आरोग्य विम्याची वर्गणी एकेकाळी गावं ज्वारीच्या रूपात देत. सुगीत घरात धान्य असतं, पैसा नसतो, हे समजल्याशिवाय अशी योजना सुचतच नाही. डॉक्टर होऊ पाहणारी मुलं गावात राहू शकतात, तर समाजकार्य शिकणारी मुलं वॉर्डात का राहू नयेत? दोघांची एकच तुकडी का नसावी?

गडचिरोलीचं काम तर जगभर माहीत आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक त्रास होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. १९९९ मध्ये त्यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा अभ्यास मांडला. ३९ गावांत गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या, आणि नवजात बाळांचं मृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आलं. पुढे २०११ पासून देशभर आशाताई घरोघर जाऊन बाळ बघू लागल्या, त्याची मुळं इथं आहेत. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की मोजणारे आणि उपचार करणारे वेगळे नव्हते. ज्या बाळाचं वजन केलं त्याला ऊब देण्याचं कामही त्याच हातांनी केलं.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि त्यापुढे मानसोपचारतज्ज्ञ अशी ती रचना होती. शेतकरी आत्महत्यांवर आमच्या भागात आजवर पुष्कळ छापलं गेलं. त्या गर्दीत हा अभ्यास मला वेगळा वाटतो, कारण त्यात मेलेल्यांच्या संख्येऐवजी जिवंत असलेल्यांपर्यंत कोण पोचलं ते मोजलं आहे.

आता ज्या विषयानं मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं त्याकडे येते. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली. वीसहून जास्त माणसं दगावली. भरती झालेल्या एका तरुण मजुरानं सांगितलेलं आजही कानात आहे: “पऱ्हाटी डोक्याच्या वर गेल्ती, फवारा सारा तोंडावर ये.” डॉक्टरांनी त्या दिवसांत जिवाचं रान केलं. कोणतं रसायन, किती वेळ, श्वास कसा आहे, डोळ्यांना दिसतं का, विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन किती द्यायचं, हे सगळं केसपेपरवर आलं आणि यायलाच हवं होतं. पण फवारणारा स्वतः वावराचा मालक आहे की रोजानं आलेला मजूर, दोन-तीन औषधं एकत्र करायला त्याला कोणी सांगितलं, पंप कोणाचा होता, सकाळी किती वाजता सुरू केलं आणि मध्ये भाकर खाताना हात कशानं धुतले, हे कोण विचारणार होतं? आणि जे वाचले ते घरी गेल्यावर किती दिवस कामाला जाऊ शकले नाहीत? नजर अंधुक राहिली का? पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा पंप पाठीला लावला का?

हे शेवटचे प्रश्न दवाखान्यात बसून सुटत नाहीत. त्यासाठी सुट्टीनंतर महिन्यानं, सहा महिन्यांनी आणि पुढच्या श्रावणात त्याच घरी जावं लागतं. गृहभेट हे समाजकार्याच्या विद्यार्थ्याचं रोजचं काम आहे, ते त्याला येतं. पण कोणाच्या घरी जायचं आणि काय तपासायचं, ते दवाखान्यानं सांगायला हवं. नजर तपासायची सोपी पद्धत, हाताची थरथर कशी बघायची, कोणत्या लक्षणावर लगेच परत आणायचं, हे डॉक्टरांनी अर्ध्या दिवसात शिकवलं तर तो विद्यार्थी आयुष्यभर विसरत नाही. कृषी विद्यापीठाच्या माणसालाही या गटात घ्यावं असं मला वाटतं. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ याच कपाशीवर काम करतं. फवारणीचा सल्ला आणि विषबाधेचा वॉर्ड यांची गाठ पडायला हवी.

विषबाधेच्या वॉर्डात आणखी एक अवघड जागा असते. तेच औषध फवारताना अंगावर पडलेलं असतं आणि तेच कोणी पिऊनही आलेलं असतं. घरचे कधी एक सांगतात, कधी दुसरं. पोलिसांचा जबाब, नुकसानभरपाई, भावकीतली बदनामी, बहिणीचं जमत आलेलं लग्न, सगळं त्या एका वाक्याला लटकलेलं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायला आणि त्याला उपचार द्यायला सांगितलं आहे. पण गावात तो कायदा अजून पोचायचा आहे. सोशल वर्करला रात्री दोन वाजता एखादी बायको खरं सांगते. ते खरं संशोधनाच्या फॉर्मवर लिहायचं का? माझं उत्तर आहे की तिनं ते मदतीसाठी सांगितलं, अभ्यासासाठी नाही, म्हणून तिला पुन्हा, वेगळं, शांतपणे विचारल्याशिवाय त्यातला एक शब्दही फॉर्मवर जाता कामा नये.

संमतीच्या या मुद्द्यावर मी हट्टी आहे. ज्या बाईनं पेशंटचे योजनेचे कागद करून दिले, जिच्यामुळे ऑपरेशन फुकट झालं, तीच संमतीपत्र घेऊन आली तर कोणता पेशंट नाही म्हणेल? तो आधी विचारतो, “अंगठा कुठं लावू?” काय लिहिलंय ते नंतर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की लिहिता-वाचता न येणाऱ्याच्या संमतीला तटस्थ साक्षीदार हवा. वॉर्डात तटस्थ कोण असतं? सिस्टर दवाखान्याची, वॉर्डबॉय दवाखान्याचा, शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक त्याच रांगेतला. इथं महाविद्यालयाचा खरा उपयोग आहे. मदत करणारी व्यक्ती आणि अभ्यासासाठी विचारणारी व्यक्ती वेगळी ठेवता येते. मदतीचा निर्णय झाल्यावर, आणि शक्य तर सुट्टी होऊन माणूस आपल्या ओसरीवर बसलेला असताना विचारता येतं. स्वतःच्या ओसरीवर माणूस नाही म्हणू शकतो. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरात त्याच भाषेत समजावणारं माणूस सोबत नेता येतं. हे सगळं केल्यावर नकार वाढतात. वाढू द्यावेत. ज्या अभ्यासात एकही नकार नाही त्याच्या संमतीवर माझा विश्वास बसत नाही.

आणि गावाला काय मिळालं ते सांगायला परत जायला हवं. एका गावात माझ्या विद्यार्थिनीला एक आजी म्हणाल्या, “मांगच्या साली बी पोरी आल्त्या, लिवून नेलं, मंग काई आलं नाई.” त्या पोरीही आमच्यासारख्याच कुठल्यातरी महाविद्यालयाच्या असणार. प्रबंध गुणांसाठी जमा होतो, शोधनिबंध इंग्रजी नियतकालिकात जातो, आणि ज्यांनी दुपार खर्चून उत्तरं दिली त्यांना आपण सगळे मिळून काय म्हणालो ते कळत नाही. निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत सांगणं हे संशोधनाच्या वेळापत्रकात पहिल्या दिवसापासून असावं, आणि त्यासाठीचा खर्च अंदाजपत्रकात. तसंच शोधनिबंधावर सोशल वर्करचं नाव लेखक म्हणून असावं. शेवटी आभार मानून तिला मोकळं करू नये. जिच्या रजिस्टरमधून प्रश्न निघाला तिला उत्तरावर हक्क आहे.

सध्या आम्ही एक लहानसा अभ्यास जुळवत आहोत. विषय फेफऱ्याच्या पेशंटचाच आहे. सुट्टीनंतर वर्षभर, हंगामाप्रमाणे, गोळ्या कधी आणि का सुटतात ते बघायचं. सामंजस्य करार वगैरे होईल तेव्हा होईल, आधी मेडिसिन विभागातले एक डॉक्टर, तिथली सोशल वर्कर आणि मी असे तिघं एका टेबलाशी बसलो आणि रजिस्टरचे रकाने ठरवले. ‘औषधे अनियमित’ हा शेरा काढून त्या जागी कारण, महिना आणि त्या महिन्यात घरात कोणतं काम चालू होतं, असे तीन रकाने केले. हिवाळी परीक्षेच्या काळात गृहभेटी खंडित होऊ नयेत म्हणून दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य पुढेमागे करायला आमच्या प्राचार्यांनी मान्यता दिली. प्रश्नावलीचा पहिला मसुदा आशाताईंना वाचून दाखवला, त्यांनी ‘मासिक उत्पन्न’ हा प्रश्न काढायला लावला. मजुराच्या घरात उत्पन्न महिन्याचं नसतं, हंगामाचं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं.

नैतिक समितीनं मात्र एक प्रश्न विचारून प्रस्ताव परत पाठवला: विद्यार्थी घरी गेला आणि पेशंटच्या गोळ्या संपलेल्या दिसल्या, तर तो काय करेल? फक्त नोंद करून येईल का? आम्ही तिघंही बराच वेळ यावर बोललो. अभ्यासात ढवळाढवळ नको म्हणून नुसती नोंद करून परतायचं, हे आमच्यातल्या कोणालाच मान्य होण्यासारखं नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी प्रस्तावात लिहून दिलं की विद्यार्थ्याचा फोन येताच त्या पेशंटच्या महिन्याभराच्या गोळ्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवण्याची जबाबदारी त्यांच्या विभागाची राहील, आणि अशी प्रत्येक घटना अभ्यासात वेगळी नोंदवली जाईल. सुधारित प्रस्ताव समितीकडे गेला आहे. मंजुरी आली तर पहिल्या गृहभेटी निंदणाच्या दिवसांतच सुरू करायच्या आहेत.